अमेरिकेत सुट्टी कुणाला मिळते? थँक्सगिव्हिंगपासून दिवाळीपर्यंतचं राजकारण

पुण्याहून किंवा नागपूरहून नोकरीसाठी अमेरिकेत गेलेला माणूस पहिल्याच वर्षी दोन गोष्टींनी चक्रावतो. एक म्हणजे गणपती मंगळवारी बसले तरी महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम शनिवार-रविवार बघूनच होतो. दुसरी म्हणजे अध्यक्षपदाचं मतदानही मंगळवारीच असतं, पण त्या दिवशी देशभर सुट्टी नसते. आपल्याकडे मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिथे लोक ऑफिसच्या आधी किंवा नंतर रांगेत उभे राहतात, नाहीतर आधीच मतदान करून मोकळे होतात.

मग तिथे सुट्ट्या ठरवतं कोण?

केंद्र सरकारच्या वर्षाला ११ सुट्ट्या आहेत. पण त्या प्रामुख्यानं केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी. राज्यं आपली यादी वेगळी करतात. आणि खासगी कंपनीनं सणाला पगारी सुट्टी दिलीच पाहिजे, असा केंद्राचा कायदाच नाही. म्हणजे यादीत नाव येणं हा आधी मानाचा प्रश्न असतो, आरामाचा नंतर. म्हणूनच त्यावर भांडणं होतात.

थँक्सगिव्हिंगचंच बघा. हा सण नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी असायचा. १९३९ मध्ये तो गुरुवार ३० तारखेला आला. ख्रिसमसच्या खरेदीला दिवस कमी पडतील, अशी ओरड दुकानदारांनी केली आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण एक आठवडा अलीकडे आणला. झालं! साधारण निम्म्या राज्यांनी नवी तारीख पाळली, उरलेल्यांनी जुनी. विरोधकांनी रूझवेल्ट यांच्या नावावरून त्याला ‘फ्रँक्सगिव्हिंग’ म्हणायला सुरुवात केली. १९४२ च्या ‘हॉलिडे इन’ सिनेमात तर कॅलेंडरवर दोन गुरुवारांमध्ये गोंधळून पळणारी टर्की दाखवून याची टर उडवली आहे. शेवटी १९४१ च्या अखेरीस कायदा करून चौथा गुरुवार पक्का झाला.

हा वाद बाजारपेठेचा होता. पुढचा वाद माणसाच्या किमतीचा होता.

मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या एप्रिल १९६८ मध्ये झाली. चारच दिवसांनी त्यांच्या नावानं सुट्टी मागणारं विधेयक संसदेत आलं. त्यावर सही व्हायला १९८३ उजाडलं आणि पहिली सुट्टी मिळाली १९८६ मध्ये. तरी राज्यं अडून बसली. अ‍ॅरिझोनाच्या गव्हर्नरनी १९८७ मध्ये राज्यातली सुट्टी रद्द केली. १९९० मध्ये मतदारांनीही ती नाकारली. तेव्हा अमेरिकन फुटबॉल लीगनं १९९३ ची सुपर बोल ही अंतिम लढत अ‍ॅरिझोनातून काढून कॅलिफोर्नियाला नेली. १९९२ मध्ये त्याच मतदारांनी सुट्टी मंजूर केली. जे नैतिक आवाहनांनी झालं नाही, त्याला पैशाच्या फटक्यानं वेग आला.

आता याच रांगेत दिवाळी उभी आहे.

न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी देणाऱ्या कायद्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये सही झाली. पहिली सुट्टी पडली १ नोव्हेंबर २०२४ ला. ही मागणी लावून धरणाऱ्यांत राज्याच्या विधानसभेतल्या जेनिफर राजकुमार पुढे होत्या. भारतातून आलेल्या आईवडिलांची ही मुलगी क्वीन्समधून निवडून आलेली. तिथल्या रिचमंड हिलमध्ये गयाना आणि त्रिनिदादहून आलेली, मूळ भारतीय वंशाची कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. पेनसिल्व्हेनियानं २०२४ मध्ये आणि कॅलिफोर्नियानं २०२५ मध्ये दिवाळीला राज्याच्या सणांच्या यादीत घेतलं. मात्र पेनसिल्व्हेनियात त्यामुळे शाळा किंवा कार्यालयं आपोआप बंद होत नाहीत. देशपातळीवर सुट्टी द्यावी म्हणून २०२३ मध्ये संसदेत आलेलं विधेयक मंजूर झालं नाही.

यात खरी मेख अशी, की सुट्टी मिळते ती मतांच्या ताकदीवर. एच-१बी व्हिसावरच्या इंजिनिअरला मत नाही. ग्रीन कार्डवाल्यालाही राष्ट्रीय निवडणुकीत मत नाही, त्याला आधी नागरिक व्हावं लागतं. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा असल्यानं भारतीयांची रांग वर्षानुवर्षं लांबलेली आहे. त्यामुळे हा माणूस कर भरतो, मंडळाची वर्गणी देतो, दिवाळीला घरासमोर पणत्या लावतो, पण सुट्टीची लढाई लढणारे बहुतेकदा नागरिक झालेले शेजारी किंवा तिथे जन्मलेली पुढची पिढी असते.

आणि सुट्टी मिळाली तरी ती सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही. मुलांची शाळा बंद असते, पण पेट्रोल पंपावर किंवा किराणा दुकानात तासावर काम करणाऱ्या त्यांच्या आईवडिलांना त्या दिवशी घरी बसायचं तर पगारावर पाणी सोडावं लागू शकतं. वर मुलं सांभाळायला कोण, हा प्रश्न उरतोच. दिवाळी यादीत आली, ही मोठी गोष्ट आहेच. मात्र या घरांत फराळाला सगळे एकत्र बसायचे असतील, तर कामगारांच्या पगारी रजेचा कायदाही तितकाच लागेल.