आधी आडनाव, मग ताट

रोममध्ये दुपारच्या जेवणानंतर कॅपुचिनो मागू नये, पॅरिसमध्ये दुकानात शिरताना आधी ‘बाँजूर’ म्हणावं, हे आता लातूरच्या पोरापोरींना तोंडपाठ असतं. पासपोर्ट नसला तरी रील बघून नियम पाठ. आणि लातूर-नांदेडला येणाऱ्यांसाठी केलेल्या रीलमध्ये काय असतं? पाच झणझणीत ठिकाणं, तर्री, ठेचा, कॅमेऱ्यासाठी डोळ्यांत आणलेलं पाणी. झाला मराठवाडा.

माझं ठेच्याशी वाकडं नाही. पण इथं कोण कुणाला काय विचारून जेवू घालतं हे वगळून नुसते पदार्थ दाखवणं ही मला लबाडी वाटते.

येळवस घ्या. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर जिल्हा रानात जातो. शहर एवढं ओस पडतं की पेपरवाले दरवर्षी ‘अघोषित संचारबंदी’ छापतात. शेतात कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच पांडव, त्यांची पूजा, आणि मग खरी गंमत: वाल, तूर, हरभरा, वाटाणा, हाताला लागेल ती पालेभाजी बेसनात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली गार आंबील. हे कुठल्या हॉटेलात मिळत नाही. मिळालं तरी ते येळवस नाही, कारण येळवशीला जेवण विकत नसतं, बोलावून वाढलं जातं. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारतात. ‘नको’ म्हटलेलं चालत नाही, पोट भरलंय म्हटलं तर आंबील तरी प्या म्हणतात. ही माणसं खरंच अशी आहेत, मी त्यातलाच आहे.

आणि हेच लातूर बाकीचे दिवस पाहुण्याला आडनाव विचारतं. ‘लातूर पॅटर्न’च्या नावानं अकरावी-बारावीसाठी गावोगावची पोरं इथं येतात. दोन वर्षं राहतात, मेस लावतात. आपल्याकडं याच्याहून मोठे पाहुणे कोण? चुलत बहिणीसाठी खोली बघत फिरलो तेव्हा एका घरी भाडं सांगायच्या आधी प्रश्न आला, ‘आडनाव काय?’ दुसऱ्या घरी जरा सभ्यपणानं, ‘घरी काय काय खाता?’ प्रश्न एकच होता, नुसता वळसा घातलेला. नीटचा अभ्यास करायला आलेल्या सोळा वर्षांच्या मुलीनं आधी ही परीक्षा द्यायची.

‘फक्त शाकाहारी’ ही आवड असती तर माझी हरकत नव्हती. पण ती कुणाकुणाला दाराबाहेर ठेवायला सोयीची पडते हे सगळ्यांना कळतं. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहिलं ते २०१५ मध्ये. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजायचं, चान्या कशा वाळवायच्या, हे सगळं त्यात आहे. ते पुस्तक इंग्रजीत गेलं, देशभर चर्चा झाली. आमच्या ‘अस्सल मराठवाडी थाळी’त मात्र त्यातलं काही आलं नाही.

कुणी म्हणेल, समाज असा एका दिवसात बदलत नाही. मग नांदेडला जा. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये तिथं होते, तिथंच त्यांचा शेवट झाला. आज सचखंड एक्सप्रेसनं अमृतसरहून माणसं उतरतात, आणि तुम्ही-आम्हीही लंगरात बसू शकतो. तिथंही नियम आहेत. डोकं झाका, चपला बाहेर ठेवा, जमिनीवर रांगेत बसा, रोटी दोन्ही हातांनी घ्या, ताटात टाकू नका. नाव विचारणं मात्र त्या नियमांत नाही. शीख समाजातून जात गेली असा माझा दावा नाही, तशी ती कुठूनच गेलेली नाही. पण निदान पंगतीत बसताना ती विचारायची नाही, एवढं ठरवता येतं आणि रोज पाळता येतं. लातूरपासून दोन-तीन तासांच्या अंतरावर.

तेव्हा रीलवाल्या मित्रांनो, पुढच्या येळवशीला जरूर या. भज्जी खा, कोपीचा व्हिडिओ काढा. फक्त परत जायच्या आधी एक दिवस जास्त थांबा, वस्तीतल्या एखाद्या पोराबरोबर लातुरात खोली शोधायला फिरा, आणि तेव्हाही कॅमेरा चालू ठेवा.