हाताला मान, दाव्याला पुरावा

मिकाओ उसुई यांच्या निधनाला ९ मार्च २०२६ रोजी शंभर वर्षे पूर्ण झाली. आपल्या भागात हे नाव फारसे कुणी ऐकलेले नसेल. त्यांनी सुरू केलेली रेकी, म्हणजे हात ठेवून ऊर्जा देण्याची उपचारपद्धती, मात्र १९९० च्या दशकात पुण्या-मुंबईत रुजली आणि हळूहळू लहान शहरांतही पोहोचली. लोणारला तर ‘ऊर्जा’ हा शब्द आता नवा राहिलेला नाही. सरोवराच्या काठावर डोळे मिटून, तळवे वर करून बसलेली शहरी मंडळी अधूनमधून दिसतात. गोमुखाच्या धारेखाली डोके धरून ‘आता बरं वाटतंय’ म्हणणारी खेड्यातली माणसे पिढ्यानपिढ्या येत आहेत. दोघांचे मागणे एकच, दुखणे हलके व्हावे. म्हणून या जपानी माणसाच्या स्मृतिशताब्दीचा विचार लोणारला बसून करणे अगदीच अस्थानी ठरू नये.

उसुई यांचा जन्म १५ ऑगस्ट १८६५ चा, जपानच्या गिफू प्रांतातल्या एका खेड्यातला. मार्च १९२२ मध्ये क्योतोजवळच्या कुरामा डोंगरावर त्यांनी एकवीस दिवस उपवास आणि ध्यान केले, तिथे त्यांना साक्षात्कार झाला आणि तळहातातून बरे करण्याची शक्ती मिळाली, असे त्यांची परंपरा सांगते. पुढच्याच महिन्यात त्यांनी तोक्योत आपली संस्था काढली. त्या काळच्या जपानमध्ये अशा उपचार करणाऱ्यांची मुळीच वाण नव्हती. पाश्चात्त्य वैद्यक स्थिरावले होते आणि त्याच्या जोडीला मनःशक्तीने, श्वासाने, स्पर्शाने बरे करू म्हणणारे अनेक पंथ निघाले होते. रेकी त्यांतलीच एक. १ सप्टेंबर १९२३ ला कांतोचा महाभूकंप झाला. तोक्यो आणि योकोहामा कोसळली, जळाली. लाखाहून अधिक माणसे गेली. त्या दिवसांत उसुई शहरभर फिरून जखमींवर, हादरलेल्या लोकांवर हात ठेवून उपचार करत होते, असे त्यांच्या स्मारकाच्या शिळेवर कोरले आहे. त्यांचे नाव झाले ते तिथून. अडीच वर्षांनी, दौऱ्यावर असताना, फुकुयामा इथे त्यांचा अंत झाला.

उसुईंनी मागे काय ठेवले? शिष्यांना त्यांनी पाच नियम दिले होते. आजच्या दिवसापुरते रागवायचे नाही, आजच्या दिवसापुरती काळजी करायची नाही, कृतज्ञ राहायचे, आपले काम मन लावून करायचे आणि माणसांशी मायेने वागायचे. सकाळ-संध्याकाळ हात जोडून हे म्हणायचे. यातला एकही नियम मराठी घराला परका वाटणार नाही. खरी मेख आहे ती ‘आजच्या दिवसापुरते’ यात. जन्मभर रागावणार नाही अशी शपथ कोण पाळील? एकादशीचा उपास माणसाला झेपतो, कारण तो एका दिवसाचा असतो. पंधरा दिवसांनी पुन्हा धरायचा. उसुईंचे नियमही तसेच रोज नव्याने धरायचे. त्यात देव कुठला ते सांगितलेले नाही, धर्म बदलायला सांगितलेले नाही आणि कुठल्या रोगाचे नावही घेतलेले नाही. बरे व्हायचे ते आधी स्वतः, आपल्या स्वभावापासून, हा त्या पाच ओळींचा रोख आहे.

मग रेकीचा पसारा झाला कसा? उसुईंचे एक शिष्य चुजिरो हायाशी, नौदलातले अधिकारी. त्यांनी तोक्योत दवाखाना चालवला. हवाईत जन्मलेल्या हवायो ताकाता नावाच्या जपानी वंशाच्या बाई १९३५ साली आजारपण घेऊन तिथे आल्या, बऱ्या झाल्या, शिकल्या आणि विद्या घेऊन हवाईला परतल्या. पुढे युद्ध झाले. अमेरिकेत जपानी म्हटले की संशय, अशी परिस्थिती. ताकाताबाईंच्या तोंडून जगाने जी कथा ऐकली, तिच्यात उसुई हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते, क्योतोच्या दोशिशा विद्यापीठाचे प्रमुख होते, शिकागोत शिकले होते. पुढे कुणी तरी त्या विद्यापीठांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा उसुईंचे नाव कुठेच निघाले नाही. तोक्योच्या साइहोजी मंदिराच्या आवारात शिष्यांनी १९२७ साली उभारलेली शिळा मात्र जागच्या जागी होती. तिच्यावर ना ख्रिस्ती महाविद्यालय, ना शिकागो. जपानबाहेरच्या लोकांनी ती नीट वाचायला १९९० चे दशक उजाडावे लागले. ताकाताबाई १९८० मध्ये वारल्या तेव्हा त्यांनी तयार केलेले बावीस मास्टर होते आणि मास्टर होण्याची फी होती दहा हजार डॉलर. आज दिसतात त्या पायऱ्या, पदव्या आणि दर यांची पाळेमुळे बरीचशी इथे सापडतात.

कथा एक सांगते आणि दगड दुसरे, हे लोणारकरांना नवे नाही. आपल्याकडेही सरोवराची कथा आहे. जमिनीखाली लोणासुर राहत होता, विष्णूने पायाच्या अंगठ्याने वरचे झाकण उडवले आणि त्याचा वध केला. दैत्यसूदनाचे मंदिर त्या पराक्रमाची साक्ष म्हणून उभे आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. मग ज्वालामुखी की आणखी काही, हा वाद दीडशे वर्षे चालला. १९७३ साली भारतीय आणि अमेरिकी भूवैज्ञानिकांनी विवराच्या तळातले नमुने तपासून निकाल दिला. प्रचंड आघाताखालीच तयार होणारे, काचेसारखे मॅस्केलिनाइट त्या बेसॉल्टमध्ये सापडले होते. विवर उल्केचे. वयाचेही तेच. आधी सुमारे ५२ हजार वर्षे सांगितले जाई; २०११ मध्ये आर्गॉनच्या पद्धतीने मोजले तर ते पावणेसहा लाखांच्या घरात गेले. दहापटीहून मोठी दुरुस्ती! त्याने कमळजा देवीच्या नवरात्राला येणाऱ्यांची पावले थांबली नाहीत. देवळाजवळच्या सासू-सुनेच्या विहिरीत एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारट, याचे कारण विवरातले गोडे झरे आणि सरोवराचे खारे पाणी यांच्या शेजारात आहे, हे कळल्यावर त्या विहिरीकडे बघण्याची मजा वाढतेच.

सर्वांच्या आठवणीत ताजा आहे तो जून २०२०. टाळेबंदीच्या दिवसांत सरोवर गुलाबी झाले. कुणी कोप म्हटले, कुणी शुभशकुन. फोनवरून फोटो आणि अर्थ दोन्ही धावू लागले. वनखात्याने पाणी बाटल्यांत भरून पाठवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले की पाऊस कमी, ऊन जास्त, खारटपणा वाढलेला, अशा वेळी हॅलोआर्किया नावाचे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव माजतात आणि त्यांच्या अंगच्या रंगाने पाणी गुलाबी होते. प्रयोगशाळेत ते जीव खाली बसले तसे बाटलीतले पाणी स्वच्छ, बिनरंगी झाले. एवढी साधी गोष्ट. बाटली भरून तपासायला पाठवण्याची ही सवय आपण रेकीलाही लावली पाहिजे.

हाताभोवतीची ऊर्जा जाणवते, या दाव्याची एक तपासणी १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आली. ती रेकीची नव्हती. रेकीची सख्खी बहीण शोभावी अशा ‘थेरप्युटिक टच’ या पद्धतीची होती. एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी तो प्रयोग योजला होता. मध्ये पुठ्ठ्याचा पडदा. उपचारक पलीकडून दोन्ही हात भोकांतून पुढे करून, तळवे वर करून बसणार. एमिली नाणे उडवणार आणि त्याप्रमाणे त्यांच्या उजव्या किंवा डाव्या तळव्यावर, न टेकवता, आपला हात धरणार. कोणत्या हातावर ऊर्जा जाणवते ते त्यांनी सांगायचे. एकवीस उपचारक, २८० खेपा, आणि बरोबर उत्तरे ४४ टक्के. डोळे मिटून अंदाज ठोकला असता तर निम्मी बरोबर आली असती! रेकीचे म्हणाल तर चिंता आणि नैराश्यावर ती उपयोगी पडते का, याचा धांडोळा कोक्रेन या नामांकित संस्थेने २०१५ साली घेतला. उपयोग होतो किंवा होत नाही, असे काहीच म्हणण्याइतका पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

पण मग रेकी घेऊन आलेल्या बाईला बरे वाटते, ते खोटे का? मुळीच नाही. तिला तासभर कुणी तरी शांतपणे झोपवले, तिचे ऐकून घेतले, कपाळावर, खांद्यांवर हात ठेवला. घरात तिला असे दहा मिनिटे कुणी विचारले नसेल. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत दुपार होते आणि डॉक्टरांना मान वर करायला फुरसत नसते. माणसाच्या स्पर्शाने जीव थाऱ्यावर येतो, श्वास संथ होतो, झोप लागते. हे आईच्या हाताला ठाऊक आहे, मीठ-मोहऱ्या ओवाळणाऱ्या आजीला ठाऊक आहे आणि चांगल्या परिचारिकेलाही ठाऊक आहे. त्यासाठी विश्वातल्या ऊर्जेची साक्ष काढायची गरज नाही. हरकत आहे ती या आरामाच्या पुढे जाऊन साखर उतरेल, गाठ विरघळेल, फिट येणे थांबेल असे सांगण्याला; आणि त्यासाठी आणखी एक पदवी घ्या, असे सुचवण्याला.

इथे आपल्या समाजाचा एक दुटप्पीपणा बोलून दाखवला पाहिजे. दरवर्षी होळीला आपल्याच जिल्ह्यात सैलानी बाबांच्या दर्ग्यावर यात्रा भरते. हिंदू येतात, मुसलमान येतात. राज्यातून आणि राज्याबाहेरून येतात. मनाने आजारी झालेल्या लेकीला, भावाला, नवऱ्याला घेऊन येतात. अंगावरून उतरवलेला नारळ आणि कपडे होळीत टाकतात, म्हणजे बाधा जळून गेली. सुशिक्षित माणूस याला लगेच अंधश्रद्धा म्हणतो. तोच माणूस वातानुकूलित खोलीत, मंद संगीत लावून, पाचशे किलोमीटरवरच्या मावशीला फोटोवरून ऊर्जा पाठवतो आणि त्याला ‘होलिस्टिक’ म्हणतो. सैलानीला आलेल्या शेतमजुराकडे मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला पैसा नव्हता, पत्ता नव्हता, कधी धीर नव्हता. रेकीच्या शिबिराला जाणाऱ्याजवळ या तिन्ही गोष्टी होत्या. मग हसायचे कुणाला? मापटे एकच ठेवायचे असेल तर ते दोन्हीकडे लावावे लागेल. दोन्हीकडच्या वेदनेला सारखा आदर आणि दोन्हीकडच्या दाव्याला सारखा प्रश्न.

कायदा यात फरक करत नाही. अमुक विद्येने कर्करोग, मधुमेह, अपस्मार बरे करतो अशी जाहिरात करायला १९५४ पासून देशात बंदी आहे. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यात गुन्हा आहे. शेतात राबणाऱ्या आपल्या तालुक्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधणे बेकायदा ठरवले आहे. आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करून मनाच्या दुखण्याबद्दल फुकट बोलता येते, हे दर्ग्याच्या वाटेवर, देवळाच्या पायरीवर आणि रेकीच्या वर्गात, तिन्ही ठिकाणी लिहिलेले असायला हवे. श्रद्धा आणि औषध यांचे वैर आहे, असे कुणी म्हणू नये. शेगावच्या संस्थानाकडे पाहा. गजानन महाराजांच्या समाधीपुढे माथा टेकवणाऱ्यांसाठी तिथे दवाखानेही चालतात, आणि त्याने कुणाची भक्ती उणावलेली नाही.

रेकी शिकवणाऱ्या मंडळींत मनापासून सेवा करणारे पुष्कळ आहेत. त्यांना ही शताब्दी साजरी करायची असेल तर आमची सूचना साधी आहे. फ्लेक्सवरची रोगांची यादी उतरवा आणि त्या जागी गुरूंचे पाच नियम ठळक अक्षरांत लिहा. त्यांच्याखाली फी किती ते लिहा. डॉक्टरांचे औषध बंद करू नका, हेही लिहा. मग येणाऱ्या माणसाला आपण काय घेतो आहोत ते नीट कळेल: तासभराची शांतता, एक मायेचा हात आणि आजच्या दिवसापुरता राग सोडण्याचा सराव. त्याची किंमत प्रत्येकाने आपापली ठरवावी. रोग बरा करण्याचा दावा ज्याला करायचा असेल, त्याने आधी पुठ्ठ्याच्या पडद्याआड बसायची तयारी ठेवावी.