दुसरा भाग म्हणजे मोठा नकाशा नव्हे

सुपरहिरो गेमचा दुसरा भाग आला की जाहिरात नकाशाची. शहर दुप्पट, मिशन दुप्पट! मला हे मोजमापच पटत नाही.

लंडनच्या रॉकस्टेडी स्टुडिओचा ‘बॅटमॅन: अर्खम असायलम’ २००९ मध्ये आला, ‘अर्खम सिटी’ २०११ मध्ये. नकाशा वाढलाच. पण केप पसरून तरंगणं, खाली सूर मारून पुन्हा उसळणं यातच इतकी मजा भरली होती की वाढलेलं अंतर जाचलं नाही. शिवाय पहिल्या भागाचं दुखणं त्यांनी नेमकं ओळखलं. तिथल्या बॉस-लढती फिक्या होत्या. शेवटी जोकर राक्षसाएवढा फुगतो आणि बराच वेळ गुंडांनाच पुढे करतो. ‘सिटी’त मिस्टर फ्रीझ आहे. त्याच्यावर एक युक्ती एकदाच चालते. मागून गुपचूप झडप घातलीत, की पुढच्या वेळी ती वाट बंद. तोवर शिकलेलं सगळं पणाला लावावं लागतं. गेमने आपल्याला हुशार समजावं, यासारखं सुख नाही.

२०१५ चा ‘अर्खम नाइट’ आणखी मोठा. पण बॅटमोबाइलचा इतका मारा, की आपण रणगाड्याचा गेम विकत घेतला की काय असं वाटावं. पीसी आवृत्ती तर इतकी बिघडलेली निघाली की विक्री थांबवावी लागली. सॉफ्टवेअरमध्ये असाल तर हे ओळखीचं वाटेल. मीटिंगमध्ये टाळ्या नव्या फीचरला पडतात. जुना बग काढणाऱ्याला कोण विचारतो?

सुट्टीत मी पुन्हा खेळायला घेतो तो ‘सिटी’च. फ्रीझ अजूनही दमवतो.