आकडा मोठा म्हणून प्लग गरम नव्हे



टू-स्ट्रोक गाडी मातीत पळवणाऱ्यांनी मोठ्या आकड्याचा प्लग बसवावा, म्हणजे तो गरम राहून काजळी धरणार नाही, हा मागील अंकातील पत्राचा सल्ला बॉशच्या, म्हणजे पूर्वीच्या मायकोच्या, प्लगपुरता खरा असला, तरी एनजीकेच्या बाबतीत तो उलटा ठरतो. तेथे आकडा वाढतो तसा प्लग थंड होतो, म्हणजे उष्णता सिलिंडर हेडकडे लवकर सोडतो. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर तेलही जळत असल्याने इन्सुलेटरचे टोक सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेले नाही, तर काजळी साचते. ८०० अंशांच्या फार पुढे गेले, तर ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटून, ज्याला प्री-इग्निशन म्हणतात, पिस्टनला भोक पडू शकते. मालाडहून मढकडे वाहतुकीत रेंगाळणाऱ्या आरएक्स १०० ला जो प्लग मानवतो, तोच ट्रॅकवरील सलग पूर्ण थ्रॉटलला पुरेलच असे नाही. टोक पांढरे पडले की पत्रलेखक प्लगलाच दोषी धरतात (घाई अशी की कार्ब्युरेटरकडे बघायचेच राहते), वस्तुतः लहान जेटमुळे पेट्रोल कमी पडले तरी तोच रंग येतो. शिवाय एनजीकेच्याच बी८एचएस प्लगच्या जागी बी८ईएस चालवू नये, कारण पहिल्याच्या आट्यांची लांबी १२.७ मिमी, तर दुसऱ्याची १९ मिमी असल्याने तो पिस्टनवर आदळू शकतो.

— एक वाचक, मालाड (पश्चिम)