एकच पक्षी, चार वर्षांचे चार वेष

नोव्हेंबर ते मार्च या काळात कोकणच्या किनाऱ्यावर सहलीला गेलेल्या घरांत एक वाद हमखास होतो. ओल्या वाळूवर मोठे पक्षी बसलेले असतात. एक पाटीसारख्या करड्या पाठीचा, पांढऱ्या पोटाचा, पिवळ्या चोचीचा. दुसरा अंगभर तपकिरी, काळ्या चोचीचा. तिसरा दोघांच्या मधला, ठिगळे लावल्यासारखा. थोरला म्हणतो, ही तीन जातींची पाखरे. धाकटी म्हणते, तपकिरी ती घार. वडील म्हणतात, तो ठिगळवाला आजारी असेल. आजच्या सदरात आम्ही याच वादाचा निकाल लावणार आहोत. बंधू-भगिनींनो, तिघेही एकाच जातीचे आहेत. फरक आहे तो फक्त वयाचा.

या पक्ष्याचे नाव ह्युग्लिनचा कुरव. एकोणिसाव्या शतकातील थिओडोर फॉन ह्युग्लिन या जर्मन प्रवासी अभ्यासकाच्या नावावरून ते पडले. आपल्या मुलांना इंग्रजी पुस्तकातला 'सीगल' माहीत असतो, त्याच कुळातला हा. उत्तर रशियातील टुंड्राच्या थंड प्रदेशात, जेथे उन्हाळा जेमतेम दोन-तीन महिने टिकतो, तेथे हा अंडी घालतो आणि हिवाळ्यासाठी हजारो किलोमीटर उडून अरबी समुद्राच्या किनाऱ्याला येतो. काही तज्ज्ञ त्याला स्वतंत्र प्रजाती मानतात, काही त्याला लेसर ब्लॅक-बॅक्ड गल या कुरवाची उपप्रजाती म्हणतात. आपले काम त्यावाचून अडत नाही.

प्रथम आकार पाहावा. हा पक्षी जवळजवळ घारीएवढा असतो. बोटीमागे थव्याने उडणारे, लोक ज्यांना शेव-गाठी टाकतात ते कुरव बरेच लहान. त्यांच्या चोची व पाय लालसर असतात आणि ते साधारण दोन वर्षांत वयात येतात. मोठ्या कुरवाला चार वर्षे लागतात. या चार वर्षांची नोंद त्याच्या पिसांवर होत जाते. कचेरीतल्या माणसाचे जसे सर्व्हिस बुक, तशी त्याची पिसे. ती वाचायला दुर्बीण असली तर उत्तम, पण मासळी उतरते त्या जागी हे पक्षी इतके जवळ येतात की नुसत्या डोळ्यांनीही काम भागते.

पहिले वर्ष : जून-जुलैत जन्मलेले पिल्लू आपल्याकडे येते तेव्हा अंगभर तपकिरी असते. पाठीच्या प्रत्येक पिसाला फिकट कड, त्यामुळे पाठ खवल्यांसारखी दिसते. चोच काळी, डोळा काळसर, पाय मळकट गुलाबी. ते उडाले की शेपटीकडे पाहावे. शेपटीच्या मुळाशी पांढरे आणि टोकाकडे रुंद काळा पट्टा. घारीला हे काही नसते, शिवाय घारीची शेपटी दुभंगलेली आणि चोच बाकदार. फेब्रुवारी-मार्चपर्यंत पिसे झिजून व बदलून याच पिल्लाचे डोके बरेच पांढुरके होते. म्हणजे एकाच हिवाळ्यात तेच पाखरू दोन रंगांत दिसू शकते.

दुसरे वर्ष : हाच तो ठिगळवाला. पाठीवर तपकिरीमध्ये करडी पिसे उगवू लागतात. डोके व पोट पांढरे होत जाते. चोचीचे मूळ फिकट होते, टोक काळेच राहते. शेपटीवर काळा पट्टा अजून असतो. तो आजारी नाही, जुना सदरा उतरवून नवा चढवतो आहे इतकेच.

तिसरे वर्ष : लांबून पाहिले तर पूर्ण वाढ झालेला पक्षीच वाटतो. पाठ करडी, पोट पांढरे. पण पंखांवर तपकिरी झाक राहिलेली असते, पिवळ्या होत चाललेल्या चोचीवर टोकापाशी काळा डाग असतो आणि शेपटीवर काळे ठिपके उरलेले असतात. पाय पिवळे होऊ लागतात.

चौथे वर्ष : बहुतेकांचा वेष आता पुरा होतो. पाठ गडद करडी, शेपटी शुभ्र, पाय पिवळे, डोळाही पिवळट. पंखांची टोके काळी व त्यांत पांढरे ठिपके. चोच पिवळी आणि खालच्या चोचीवर टोकाजवळ लाल ठिपका. हिवाळ्यात मानेवर करड्या-तपकिरी रेघा दिसतात. त्या म्हातारपणाच्या खुणा नव्हेत, विणीचा काळ जवळ आला की त्या जातात.

तो लाल ठिपका शोभेचा नाही. याच्या भाऊबंदांपैकी हेरिंग गल या कुरवावर निको टिनबर्गेन या डच शास्त्रज्ञाने पुठ्ठ्याची डोकी करून साधे प्रयोग केले होते. पिल्लू आई-बापाच्या चोचीवरच्या ठिपक्याला टोचते आणि मग ते पोटातला घास वर काढून त्याला भरवतात. पक्षी-प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाबद्दल टिनबर्गेन यांना इतर दोघांसह १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुठ्ठा, रंग आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर केवढे काम होते ते मुलांना जरूर सांगावे.

आता ओळखण्याची रीत. केवळ रंगावर गेलो तर एका पक्ष्याच्या चार जाती होतील. एका नोंदीवर जमाखर्च जुळत नाही, तसेच येथेही. क्रमाने चार गोष्टी पाहाव्यात : शेपटी, पाठ, चोच, पाय. चारही एकच वर्ष सांगत असतील तर ते वर्ष लिहावे. दोन एक सांगतात आणि दोन दुसरे, असे झाले तर 'दुसरे किंवा तिसरे' असे लिहावे. सगळ्या पक्ष्यांची पिसे एकाच वेगाने बदलत नाहीत. शंका असेल तेथे शंका लिहिणे हीच खरी नोंद.

जोडीला पलासचा कुरव हा आणखी थोराड पक्षी दिसतो. त्याची पाठ फिकट करडी, चोच लांब व जाड. वाढलेल्या पक्ष्याच्या पिवळ्या चोचीवर काळा पट्टा असतो आणि हिवाळा सरताना त्याचे डोके काळेभोर होते. त्यालाही वयात यायला चार वर्षे लागतात. दोघांची पिल्ले शेजारी बसली तर पाठ पाहावी. पलासच्या पिल्लाच्या पाठीवर पहिल्याच हिवाळ्यात करडा रंग चढू लागतो.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. चार वर्षांपुढे पिसे वय सांगत नाहीत. पाच वर्षांचा आणि पंचवीस वर्षांचा पक्षी दिसायला सारखाच. पायात कडी घातलेल्या पक्ष्यांच्या नोंदींवरून असे कुरव तीस वर्षांहून जास्त जगल्याचे कळले आहे.

पण तेथवर थोडेच पोहोचतात. सर्वांत जास्त मरतात ती पहिल्या वर्षाची पाखरे. अन्न शोधण्याचा, धोका ओळखण्याचा अनुभव त्यांना नसतो. आणि नेमके याच तपकिरी पाखरांना पोरे घार समजून, घाणेरडी समजून दगड मारतात. किनाऱ्यावर पडलेल्या तंगुसाच्या तुकड्यांत पाय गुंतला की पाखरू उपाशी मरते. ज्याला वय ओळखता आले, तो त्या पाखरावर हात उगारणार नाही. ते हजारो किलोमीटर उडून आलेले सहा महिन्यांचे लेकरू आहे, हे त्याला दिसेल.

म्हणून आमची विनंती. अक्षी, हर्णे, मालवण, जेथे जाल तेथे मासळी उतरण्याच्या वेळेला जा. खाऊ टाकू नका. तंगुसाचे तुकडे दिसले तर गोळा करून कचऱ्यात टाका. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा वनखात्याला कळवा. आणि मुलांच्या जुन्या वहीची उरलेली कोरी पाने वाया न घालवता त्यांवर रकाने आखून द्या : तारीख, जागा, शेपटी, पाठ, चोच, पाय, वर्ष. पहिल्या दिवशी दहा पक्षी पुरेत.