त्या चौकटीत लिहू नका!

या शनिवारी जरा भांडायचं ठरवलंय. भांडण हेल्पडेस्कच्या सॉफ्टवेअरमधल्या एका चौकटीशी आहे. तिकिटाखाली चार-सहा ओळी मावतील एवढी एक पांढरी चौकट असते आणि तिला खेटूनच 'सबमिट'चं बटण. आपल्यापैकी कितीतरी जण शिफ्टच्या शिफ्ट त्या चौकटीत टाइप करत काढतात. माझं म्हणणं एवढंच आहे: तिथे लिहू नका. उत्तर आपल्या टेक्स्ट एडिटरमधे लिहा, एकदा वाचा आणि मगच त्या चौकटीत चिकटवा.

"हे काय नवीन खूळ?" असं म्हणायच्या आधी जरा आजूबाजूला बघा. आपण लोक एडिटरवरून जेवढे भांडतो तेवढे बहुतेक राजकारणावरूनही भांडत नसू. विम का ईमॅक्स, टॅब का स्पेस, कुठला फॉन्ट, कुठली थीम... चहाचे कप गार होतात पण वाद मिटत नाही. दहा ओळींची स्क्रिप्ट लिहायची तर आपल्याला आपलाच एडिटर लागतो. आणि ज्या उत्तराच्या भरवशावर क्लायंटचा माणूस रात्री दोन वाजता प्रॉडक्शनवर कमांड चालवणार आहे, ते उत्तर मात्र ब्राउजरच्या एका खोपच्यात, बटणाला कोपर लावून लिहायचं. का? तर ते 'फक्त उत्तर' आहे म्हणून! खरी गोची इथेच आहे.

लिहायची जागा आणि पाठवायची जागा वेगळी असावी, ही अक्कल आपल्या धंद्याला फार पूर्वीपासून आहे. लिनक्सवर सुडोचे नियम बदलायचे तर शहाणा माणूस 'व्हीआयसुडो' वापरतो. ते तुम्हाला फाइलची तात्पुरती प्रत एडिटरमधे उघडून देतं, तुम्ही बाहेर पडताना व्याकरण तपासतं, आणि चूक असेल तर "आता काय करू?" असं विचारतं. मूळ फाइल तोवर जशीच्या तशी. 'क्रॉनटॅब'चं तेच. गिटमधे कमिट करताना संदेशासाठी एडिटर उघडतो, आणि काही न लिहिता बाहेर पडलात तर कमिट होतच नाही. म्हणजे मशीनला काही सांगायचं असेल तर आपण मधे एक उंबरठा ठेवतो. माणसाला सांगायचं असेल तर मात्र उचलली जीभ लावली टाळ्याला!

आता त्या चौकटीचे प्रताप बघू.

पहिला प्रताप बोटांचा. दिवसभर टर्मिनलमधे काम करणाऱ्याची बोटं चुकलेला शब्द पुसायला आपोआप कंट्रोल-डब्ल्यू दाबतात. टर्मिनलमधे आणि विममधे शब्द जातो, ब्राउजरमधे अख्खा टॅब जातो. बॅकस्पेसची गोष्ट तर आणखी भारी. कर्सर चौकटीबाहेर असताना ते बटण दाबलं की ब्राउजर मागच्या पानावर जायचा आणि लिहिलेलं सगळं गायब. लोकांचं लिखाण असं बुडतंय हे बघून क्रोमने २०१६ मधे ती सोयच काढून टाकली. आता बऱ्याच हेल्पडेस्क सॉफ्टवेअरमधे मसुदा आपोआप साठवला जातो, मान्य. पण सेशन संपलं, व्हीपीएन तुटलं, की तो मसुदा सापडेल की नाही याची खात्री तुम्ही देता का? मी नाही देत.

दुसरा प्रताप 'सुंदर' अक्षरांचा. साधं सरळ अवतरणचिन्ह गोल, वळणदार करायची खोड कुठे वर्डला असते, कुठे मॅकला, कुठे खुद्द त्या चौकटीला. दोन डॅशचा एक लांब डॅश होतो. दिसायला छान! पण शेलला ते गोल चिन्ह अवतरण वाटत नाही आणि लांब डॅशला तो ऑप्शन समजत नाही. क्लायंट कमांड कॉपी करून चालवतो, एरर येते, तिकीट परत उघडतं, आणि आपण इकडे म्हणतो, "अहो, आमच्याकडे तर चालतंय!" साध्या टेक्स्ट एडिटरमधे जे टाइप केलं तेच राहतं.

तिसरा प्रताप सगळ्यात महागाचा. बहुतेक सॉफ्टवेअरमधे क्लायंटला जाणारं उत्तर आणि आपल्या टीमपुरती टीप एकाच चौकटीत लिहितात. फरक काय, तर वरचा एक टॅब आणि चौकटीचा जरासा बदललेला रंग. "या क्लायंटला काही कळत नाही" हे वाक्य त्या रंगाच्या भरवशावर सोडायचं? एडिटरमधलं वाक्य तुम्ही उचलून नेल्याशिवाय कुठेही जात नाही.

आणि चौथा, ज्याबद्दल कोणी बोलत नाही: लॉग. आपण सर्रास दोनशे ओळींचा लॉग चौकटीत ओततो. त्यात आयपी पत्ते असतात, लोकांचे ईमेल असतात, कधी कधी चक्क पासवर्डही असतात. एडिटरमधे एका रेग्युलर एक्स्प्रेशनने ते सगळं झाकता येतं, कामाच्या सहा ओळी ठेवून बाकीचं उडवता येतं. चौकटीत हे करायला गेलात तर माउस ओढून ओढून मनगट जाईल, म्हणून कोणी करतच नाही.

आता तुमचे आक्षेप.

"वेळ जातो." कुणाचा? एडिटर उघडायला दोन सेकंद लागतात. अर्धवट उत्तरामुळे तिकीट तीनदा इकडून तिकडे गेलं तर त्यात दोन दिवस जातात. पण ते दोन दिवस डॅशबोर्डवर टोचत नाहीत, कारण 'फर्स्ट रिस्पॉन्स' वेळेत गेलेला असतो ना! एसएलए हिरवा, क्लायंट लाल. टीम लीड मंडळींनो, पहिलं उत्तर किती मिनिटांत गेलं हे जरूर मोजा, पण किती तिकिटं परत उघडली हेही त्याच्याच शेजारी मांडा. मग बोलू.

"आमच्याकडे तयार मॅक्रो आहेत, आणि आता तर एआय मसुदा देतं." छान आहे. तो मसुदाही एडिटरमधे आणा. तयार मजकुरालाच माणसाच्या नजरेची जास्त गरज असते, कारण तो दिसतो पूर्ण. व्याकरण चोख, स्वर नम्र, आणि ज्या व्हर्जनबद्दल बोलतोय ते क्लायंटकडे नाहीच! चौकटीत आयता आलेला मजकूर आणि शेजारी सबमिट... या जोडीसमोर संयम टिकत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे.

"स्क्रीनशॉट, टेबल यांचं काय?" ते चौकटीतच जोडा, हरकत नाही. "मी एडिटरमधे असताना दुसऱ्याने उत्तर दिलं तर?" हा आक्षेप खरा आहे. म्हणून आधी तिकीट स्वतःच्या नावावर घ्या, ते पान उघडं ठेवा, आणि चिकटवण्याआधी एकदा रिफ्रेश करा.

"हे सगळं गीक लोकांचं फॅड आहे." अजिबात नाही. नोटपॅड++ चालेल. ब्राउजरची चौकट थेट एडिटरला जोडायची हौस असेल तर त्याचीही सोय आहे. फायरफॉक्ससाठी 'इट्स ऑल टेक्स्ट' नावाचं झकास एक्स्टेन्शन होतं, ते २०१७ मधे फायरफॉक्स ५७ आल्यावर बंद पडलं. आता घोस्टटेक्स्ट आहे, विमवाल्यांसाठी फायरेनविम आहे. आणि जुन्या लोकांनी तर हा प्रश्न मुळातच सोडवला होता. जेसी व्हिन्सेंटने १९९६ मधे सुरू केलेल्या रिक्वेस्ट ट्रॅकरमधे उत्तर साध्या ईमेलनेही देता येतं, आणि क्लायंटला उत्तर व टीमपुरती टीप यांना दोन वेगवेगळे पत्ते ठेवता येतात. म्हणजे ज्याला जो एडिटर आवडतो त्यात त्याने लिहावं. पण यातलं काहीही नसलं तरी कॉपी-पेस्ट कुठे गेलंय? चिकटवताना फक्त कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा, म्हणजे फॉरमॅटिंगचा कचरा सोबत येत नाही.

मी वापरतो ती पद्धत अशी. तिकिटाच्या नंबराने एक फाइल. पहिल्या ओळीत क्लायंटने आत्ता काय करायचं ते. मग का करायचं. मग मी काय तपासलं आणि काय नाही. शेवटी पुढचा निरोप कधी देणार, ते वेळेसकट. मग एकदा वरपासून वाचायचं. "काइंडली डू द नीडफुल" सापडलं की उडवायचं, कारण 'नीडफुल' म्हणजे नक्की काय हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं :) या फाइली ऑफिसच्याच लॅपटॉपवर राहतात, घरच्या क्लाउडवर नाही. सहा महिन्यांनी तीच एरर परत आली की एका सर्चमधे स्वतःचंच उत्तर सापडतं.

पुण्यात काय, बंगळुरात काय, 'सपोर्टवाले' हा शब्द अजूनही थोड्या खालच्या पट्टीत उच्चारला जातो. डेव्हलपर 'लिहितात' आणि सपोर्टवाले 'तिकिटं बंद करतात' म्हणे. ही भाषा मॅनेजमेंटने आणली असेल, पण ती खरी आपण करतो, रोज, त्या चौकटीत पाट्या टाकून. क्लायंटने आपला कोड कधी बघितलेला नसतो. आपल्या कंपनीचा त्याच्या नजरेला पडणारा एकमेव लिखित पुरावा म्हणजे आपलं उत्तर. त्या माणसाचा सर्व्हर पडलेला आहे, बॉस डोक्यावर उभा आहे, आणि तो आपली प्रत्येक ओळ आपण कुठलाही डॉक्युमेंट वाचणार नाही इतक्या बारकाईने वाचतोय. ते लिखाण आहे. त्याला लिखाणासारखं वागवलं नाही, तर आपल्याला तरी लोकांनी लिहिणारे का म्हणावं?

असो. सोमवारी पहिलं तिकीट आलं की एकदा करून बघा. नाहीच पटलं तर ती चौकट कुठे पळून जात नाही.