टपालखात्याची ‘देणगी’ आणि वृत्तपत्रांचा न दिसणारा लगाम

१/ वृत्तपत्र-स्वातंत्र्याचा इतिहास सांगताना राजद्रोहाचे खटले, जप्त झालेले छापखाने आणि संपादकांचे तुरुंगवास यांचेच वर्णन येते. या कथेतून एक खाते मात्र निर्दोष सुटते : टपालखाते. उलट ‘इंग्रजांनी रेल्वे दिली, टपाल दिले’ हे वाक्य आजही कृतज्ञतेने उच्चारले जाते. या धाग्यात त्या ‘देणगी’चा हिशेब आहे.

२/ आरंभ कलकत्त्यापासून. २९ जानेवारी १७८० रोजी जेम्स ऑगस्टस हिकी याचे ‘बेंगॉल गॅझेट’ निघाले. हिंदुस्थानातील हे पहिले छापील वृत्तपत्र. त्याने गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्या वर्तुळावर टीका केली. त्यावर सरकारचा पहिला मोठा घाव कोणता? छापखाना जप्त होणे १७८२ मधले. त्याआधी, १४ नोव्हेंबर १७८० रोजी, हुकूम निघाला की हा अंक सरकारी टपालातून जाणार नाही.

३/ या क्रमातच पुढच्या सव्वाशे वर्षांचे धोरण दडले आहे. संपादकाला शिक्षा केली की तो हुतात्मा ठरतो, खटला गाजतो, लोक वर्गणी गोळा करतात. अंक टपालात थांबवला की काहीच गाजत नाही. वर्गणीदाराला एवढेच कळते की या आठवड्यात अंक आला नाही.

४/ १८३५ साली मेटकाफच्या कारकिर्दीत छापण्यावरची परवान्याची अट गेली, म्हणून त्याला ‘वृत्तपत्रांचा मुक्तिदाता’ म्हणतात. त्याच्या दोनच वर्षांनी, १८३७ च्या कायद्याने, कंपनीच्या मुलखात मोबदला घेऊन पत्रे वाहण्याचा हक्क एकट्या सरकारचा झाला. व्यापाऱ्यांच्या खाजगी डाकव्यवस्था बेकायदा ठरल्या. छापण्याचा दरवाजा उघडला, पोहोचवण्याचा मार्ग एकाच्या मुठीत गेला.

५/ त्या मक्तेदारीची किंमतही पाहावी. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाच्या पत्राचे हशील एक रुपया होते, आग्र्याला बारा आणे. सामान्य रयतेसाठी हे टपाल नव्हतेच. ते कचेऱ्या, पलटणी आणि पेढ्या यांच्यासाठी होते. ‘देणगी’ म्हणावी अशी वस्तू परवडणारी तरी असावी लागते.

६/ १८५४ चा कायदा सुधारणा म्हणून गौरवला जातो, आणि ते काही अंशी योग्यच आहे. अंतर कितीही असो, पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा; १ ऑक्टोबर १८५४ पासून देशभर चालणारी तिकिटे. पण त्याच कायद्यातील छापील मजकुराचे दर क्वचितच कोणी वाचतो. परदेशातून आलेल्या छापील मजकुराला येथे छापलेल्या मजकुरापेक्षा कमी हशील होते.

७/ याचा अर्थ नीट समजून घ्यावा. लंडनमध्ये छापलेला, आगबोटीने मुंबईच्या बंदरात उतरलेला अंक देशात पुढे जाताना स्वस्त. आणि मुंबईत ‘प्रभाकर’ किंवा पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ जेथून निघे, त्या भूमीवर छापलेला कागद महाग. एकाच टपालाच्या थैलीत दोन न्याय. गोऱ्या अंमलदाराला ‘घरची’ बातमी स्वस्त मिळावी, याचा भार देशी वाचकाने उचलायचा.

८/ आक्षेप येतो : पुढे वृत्तपत्रांचे दर उतरले, त्यामुळेच मराठी पत्रे गावोगाव पोहोचली, १८८१ पासूनचा ‘केसरी’ टपालाविना खेड्यांत कसा गेला असता? आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. स्वस्त टपालाने मराठी पत्रकारितेचा विस्तार झाला. पण एखाद्या साधनाचा लोकांनी करून घेतलेला उपयोग म्हणजे ते बांधणाऱ्याचा हेतू नव्हे.

९/ शिवाय ती सवलत बिनशर्त नव्हती. १८९८ च्या टपाल कायद्यानुसार ‘वृत्तपत्र’ ठरण्यासाठी दोन अटी होत्या : अंक जास्तीत जास्त ३१ दिवसांच्या अंतराने निघावा आणि वर्गणीदारांची खरीखुरी यादी असावी. सवलतीसाठी टपालखात्यात नोंद हवी. ज्याची नोंद होते त्याची नोंद रद्दही होऊ शकते, हे प्रत्येक चालकाला न सांगता कळत असे.

१०/ त्या कायद्याचे साल योगायोगाचे नव्हे. सप्टेंबर १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली. १८९८ च्या कायद्यांच्या यादीत क्रमांक ४ ने राजद्रोहाचे कलम १२४-अ रुंदावले आणि १५३-अ घातले. क्रमांक ५ म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहिता. क्रमांक ६ म्हणजे टपाल कायदा. तिघे शेजारी आहेत.

११/ या क्रमांक ६ मधील कलम २६ : ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ यांसाठी सरकार कोणतीही टपालवस्तू अडवू शकते. न्यायालयाची पूर्वपरवानगी नको. त्याच कायद्यात जहाजांच्या कप्तानांनाही बांधून घेतले होते : निघताना टपालाच्या थैल्या स्वीकारायच्या, बंदरात येताच जहाजावरील पत्रे विनाविलंब टपालखात्याच्या स्वाधीन करायची. कसूर केल्यास दंड.

१२/ म्हणजे समुद्रमार्गे येणाऱ्या कागदाला बंदरात दोन पहारेकरी. एक टपालवाला, दुसरा जकातवाला. दुसऱ्याच्या हाती १८७८ चा सागरी जकात कायदा होता. त्या सालच्या यादीत हा क्रमांक ८. आणि क्रमांक ९ म्हणजे लिटनचा कुप्रसिद्ध देशी वृत्तपत्र कायदा. क्रमांक ९ चार वर्षांत रद्द झाला आणि पाठ्यपुस्तकात गेला. क्रमांक ८ कोणी पाठ केला नाही, म्हणून तो टिकला.

१३/ जकात कायद्याचे कलम १९ मालाची आयात रोखण्यासाठी होते. विचार हाही ‘माल’च ठरला. श्यामजी कृष्णवर्मा यांच्या लंडनहून निघणाऱ्या ‘इंडियन सोशिऑलॉजिस्ट’ला १९०७ मध्ये देशात येण्यास बंदी झाली. १९०९ मध्ये सावरकरांच्या १८५७ वरील ग्रंथावर तो प्रसिद्ध होण्यापूर्वीच बंदी आली. न वाचलेल्या पुस्तकावर खटला चालवता येत नाही. ते बंदरावर अडवता मात्र येते.

१४/ गांधींनी ‘हिंद स्वराज’ नोव्हेंबर १९०९ मध्ये ‘किल्डोनन कॅसल’ या बोटीवर लिहिले. मार्च १९१० मध्ये मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली. सुब्रह्मण्य भारतींचे ‘इंडिया’ फ्रेंच पाँडिचेरीत सुरक्षित होते, तेथे इंग्रजांचा खटला चालत नव्हता. पण ब्रिटिश हद्दीत अंकाचा प्रवेश बंद झाला आणि १९१० मध्ये पत्र मिटले. संपादक मुक्त, छापखाना शाबूत, वृत्तपत्र मृत.

१५/ १९१० च्या वृत्तपत्र कायद्याने ही साखळी पूर्ण केली. जामिनाच्या रकमा सर्वांना आठवतात. त्याच कायद्याने जकात आणि टपाल अधिकाऱ्यांना संशयित पुडकी अडवून ठेवण्याचा अधिकार दिला, आणि विहित प्रतिज्ञापत्र न केलेले वृत्तपत्र टपालाने जाणारच नाही असे ठरवले. हिकीवरचा एका दिवसाचा हुकूम १३० वर्षांनी कायद्याचे नियमित कलम झाला.

१६/ ‘त्या काळी सगळीकडे असेच होते’ हा बचावही अपुरा आहे. १८४४ मध्ये लंडनच्या टपालखात्याने इटालियन देशभक्त माझिनी यांची पत्रे उघडल्याचे उघडकीस आले, तेव्हा पार्लमेंटमध्ये गदारोळ झाला आणि चौकशी समित्या बसल्या. तेथे लाज वाटण्यासाठी सभागृह होते. येथे पत्र उघडणारा आणि त्याला जाब विचारणारा एकच होता. फरक काळाचा नाही, प्रजा आणि नागरिक यांतला आहे.

१७/ १९१० चा वृत्तपत्र कायदा १९२२ मध्ये रद्द झाला. सागरी जकात कायदा १९६३ पर्यंत जगला. १८९८ चा टपाल कायदा तर २०२४ मध्ये नवा कायदा अमलात येईपर्यंत चालू होता, आणि २०२३ च्या त्या नव्या कायद्यातही टपाल अडवण्याचा अधिकार सरकारकडे आहे. गाजलेले कायदे लवकर मरतात. कंटाळवाणे कायदे शतक ओलांडतात.

१८/ म्हणून इतिहासाच्या तरुण वाचकाने कोणत्याही काळातील भाषणस्वातंत्र्य मोजताना दोन प्रश्न विचारावेत. छापण्याची मुभा होती का, हा पहिला. छापलेले वाचकाच्या दारापर्यंत कोण नेत होते आणि ते कोणाच्या मर्जीने थांबत होते, हा दुसरा. हिकीला छापता येत होते. १४ नोव्हेंबर १७८० नंतर त्याला टपाल नव्हते.